फुलाखालचा पाना

दसरा, २०१६. संध्याकाळ.

“आधी ब्रेक दाब, मग बूड टेकव,” मला सायकल शिकवताना बाबा म्हणायचे. आज तेच आठवलं, म्हणून सासऱ्यांची सायकल अंगणात ढकलत नेऊन ब्रेक दाबला. चाक थांबेचना. रिमवरून बोट फिरवलं तर खोबरेल तेल! अण्णांनी पूजेसाठी हँडलपासून रिमपर्यंत सगळी सायकल तेलाने पुसलेली.

“अण्णा, रिमला कुणी तेल लावतं का?”

“सणाला कोरडी ठेवू तिला? बघ कशी चकाकतेय.”

दोन्ही रिम साबणाने धुतल्या. पण ब्रेकची रबरं तेल प्यायलीत, अजून घसरतात. नवी रबरं घरात आहेत, बसवायला दहा मिनिटं पुरतील. पाना मात्र देव्हाऱ्यापुढे, कोयत्याशेजारी, झेंडूच्या फुलाखाली. पूजेतलं हत्यार उद्या दुपारपर्यंत उचलायचं नाही, हा अण्णांचा नियम. आणि ते स्वतः उद्या उजाडताच याच सायकलवरून वेवजी गावी वन्संना सोनं द्यायला निघणार, उतारावरून थेट हायवेपर्यंत. बसचं नाव काढलं की रुसतात.

“मग पूजेतली सायकल कशी चालते?”

“ते वाहन आहे, हत्यार नाही.”

गुपचूप पाना काढला तर? कळणारही नाही. पण हा नियम मीही वीस वर्षं मनापासून पाळलाय. पंच्याहत्तरीच्या माणसाला फसवायचं... नको. सारखं ते फूलच दिसतंय.

नाहीच म्हणतील. तरी ही वही मिटून त्यांच्यापुढे जाऊन बसते आणि म्हणते, “अण्णा, ते फूल तुमच्याच हाताने बाजूला करा आणि पाना मला द्या.”