जास्वंदीखालची साखर

बोरी, ता. जिंतूर
श्रावणातला तिसरा सोमवार

प्रिय भक्ती,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, मेले आहेत ते फक्त पिठ्या ढेकूण. तुझ्या जास्वंदीवर वर्षभर ठाण मांडून बसलेले ते पांढरे, कापसाच्या कणांसारखे दिसणारे हरामखोर एकूण एक गेले. आज सकाळी झाडावर सात फुलं होती. तुझ्या सासूबाईंनी दोनदा मोजली, मी तीनदा. दोन देवघरातल्या गणपतीला वाहिली, बाकीची झाडावरच ठेवलीत, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजेत. शेजारचा बन्सीधर सकाळपासून तीन वेळा फाटकासमोरून गेला आणि तिन्ही वेळा मी मुद्दाम अंगणातच उभा होतो. फोन करता आला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ‘आईंना फोन द्या’ म्हणतेस आणि मी मुकाट्यानं देतो. आज मला सगळं बोलायचं आहे, मधे कुणी थांबवायला नको, म्हणून कागद घेतला.

हे झाड तू लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आलीस तेव्हा चारठाण्याहून आणलंस. ओल्या फडक्यात गुंडाळलेली वीतभर फांदी होती. मी तेव्हा हसलो होतो, म्हणालो होतो की सून माहेराहून लाडू आणते, आमची सून काडी आणते. पुढे तुमच्या घरासमोरचा रस्ता रुंद झाला, तुझ्या आईनं लावलेली मूळ जास्वंद त्यात गेली, आणि तुझी आईही त्याच उन्हाळ्यात गेली. म्हणजे तुझ्या आईच्या हातचं जे काही उरलं ते आमच्या फाटकाशी उभं होतं. हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. कळत होतं, म्हणून तर कीड दिसल्यावर मी इतका पिसाळलो.

आता माझं वागणं आठव. एकतीस वर्षं कृषी सहायकाची नोकरी केलेला माणूस मी. बोरीपासून जिंतूरपर्यंत कुठल्या शिवारात कोणता मावा, कोणते तुडतुडे, कोणती अळी, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. आणि माझ्याच दारात एका शोभेच्या झाडावर ढेकूण बसले म्हणजे काय? सबंध गावात बेइज्जती. मी कपाशीचा फवारणी पंप पाठीला लावला आणि एका जास्वंदीवर एकराचं औषध मारलं. आठ दिवस झाड स्वच्छ, नवव्या दिवशी पुन्हा पांढरं. मग दुसरं औषध, मग तिसरं. पानं चिकट झाली, त्यांच्यावर काजळी धरली, कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, अहो, त्या वासानं मला घेरी यायलीय, झाडाचं काय होत असेल? पण मी ऐकतोय कुणाचं.

आणि मग गेल्या साली महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. घरात अकरा माणसं जेवायला बोलावलेली होती. सिताराम गुरुजी होते, बन्सीधर होता, त्याची रुख्मिणी होती. कुणीतरी जास्वंदीचा विषय काढला, मी माझ्या औषधांची नावं सांगायला लागलो, आणि तू पुरणपोळी वाढता वाढता हळूच म्हणालीस, ‘मामा, औषधाआधी एकदा मुंग्या बघा ना.’ एवढंच. तोंडात घास असताना मी जे बोललो ते मी विसरलो नाही, आणि तूही विसरली नाहीस. तरी लिहितो, कारण न लिहिता पुढे गेलो तर या पत्राला काही अर्थ नाही. मी म्हणालो होतो, ‘दोनदा नापास झालेली पोरगी आता मला कीड शिकवायली का?’ माणसं हसली. तू पातेलं घेऊन आत गेलीस आणि परत वाढायला आलीस, तेव्हा माझ्या पानात सगळ्यांच्या आधी पोळी वाढलीस. ती मला गिळवत नव्हती, तरी मी गिळली.

दिवाळीत तुझ्या स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला. तिसऱ्या खेपेला तू पास झालीस, जानेवारीत नांदेडला महारुद्रकडे गेलीस, नोकरीवर रुजू झालीस. मी गावभर पेढे वाटले आणि तुझ्याशी धड चार शब्द बोललो नाही. आणि तू गेल्यावर झाडानं हायच खाल्ली. तू असताना, थंडीच्या सुरवातीला, कीड बरीच आटोक्यात आली होती. मी त्याचं श्रेय माझ्या चौथ्या औषधाला देऊन मोकळा झालो होतो. पण तू गेलीस आणि दोन महिन्यांत जास्वंद खोडापर्यंत पांढरी झाली. औषध तेच, मात्रा तीच. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, झाडाला भक्तीची आठवण यायलीय. मी म्हणायचो, कस्तुराबाई, झाडाला आठवण येत नसते. आषाढात महारुद्र फोनवर म्हणाला, काढून टाका बाबा, बाकीच्या झाडांवर जाईल. आणि त्याच फोनमध्ये तो हेही म्हणाला की यंदा महालक्ष्म्यांना भक्तीला रजा मिळणार नाही. रजा हे निमित्त, खरं कारण माझं ते पंगतीतलं बोलणं, हे मला समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत घेतली. झाड कापायलाच निघालो होतो, खोटं कशाला सांगू. पण गुडघा दुखायला लागला म्हणून आधी खुर्ची आणली आणि झाडासमोर बसलो. बसलो आणि मला माझंच वाक्य आठवलं. एकतीस वर्षं प्रत्येक बांधावर मी एक गोष्ट सांगितली होती, की फवारणीआधी पिकात बसा, अर्धा तास नुसतं बघा, काय चाललंय ते पीकच सांगतं. आणि या झाडासमोर मी वर्षभरात एकदाही बसलो नव्हतो. उभा राहून नुसता मारत होतो. त्या दिवशी तासभर बसलो. आणि बघितलं तर मुंग्यांची रांग खोडावरून वर, दुसरी रांग खाली. एक मुंगी ढेकणाच्या पाठीवर मिशा फिरवायची, ढेकूण गोड थेंब सोडायचा, मुंगी तो प्यायची. एक वाटोळा ठिपकेदार ढालकिडा ढेकूण खायला आला तर चार मुंग्यांनी त्याला चावून हाकलला. गाय राखावी तशा मुंग्या ढेकणं राखत होत्या. मी रांग धरून खाली बघत गेलो, तर ती खोडाच्या बुडाशी वारुळात शिरत होती. आणि वारुळाच्या तोंडाशी कणीक-साखर होती.

ती साखर मी घालत होतो, भक्ती. रोज पहाटे फिरायला निघताना खिशातली पुडी सोडायचो आणि मूठभर कणीक-साखर जास्वंदीच्या बुडाशी घालायचो. तुझ्या सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या उपासतापासांची जन्मभर चेष्टा केलेला माणूस मी, कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणजे मी सकाळी राखणदारांना खाऊ घालत होतो आणि संध्याकाळी त्यांच्या गुरांवर विष मारत होतो. त्या विषानं ढालकिडे मेले, मुंग्या वारुळात सुखरूप राहिल्या, आणि आठ दिवसांत नवे ढेकूण आणून बसवत होत्या. अशी चूक एखाद्या शेतकऱ्यानं केली असती तर मी त्याला चावडीवर उभं करून झापलं असतं.

करवत मग झाडावर नाही, नुसत्या सडक्या फांद्यांवर चालवली. कापलेलं सगळं साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवलं, उकिरड्यावर टाकलं नाही. पाईप लावून पानांच्या खालच्या बाजूनं जोराचं पाणी मारलं. निंबोळीचं तेल आणि साबण पाण्यात घोटून फक्त उरलेल्या ठिपक्यांवर, तेही ऊन उतरल्यावर, फडक्यानं पुसून पुसून लावलं. तुझ्या सासूबाई शेंड्यापाशी, मी बुडापाशी, असे आम्ही दोघं आठ संध्याकाळी त्या झाडाला न्हाऊ घालत होतो. खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ट्रॅक्टरचं ग्रीस फासलं, म्हणजे मुंगीला वर वाट नाही. साखरेचं म्हणशील तर मुंग्यांचं रेशन मी बंद केलं नाही, नुसतं दुकान हलवलं. आता परसातल्या लिंबाखाली घालतो, उघड घालतो. तरी चौथ्या दिवशी मुंग्या पुन्हा झाडावर. मी डोकं धरून बसलो. पट्टी जागेवर, ग्रीस जागेवर, मग आल्या कुठून? तुझ्या सासूबाईंनी बोट दाखवलं. वादळात झाड कलंडू नये म्हणून मीच शेंड्याची दोरी खिडकीच्या गजाला बांधली होती, आणि मुंग्या गजावरून दोरीवर, दोरीवरून झाडावर, अशा वरातीसारख्या चालल्या होत्या. दोरी सोडली. त्यानंतर एकही चढली नाही. पंधरवड्यानं ढालकिडे आपणहून आले, त्यांची काळी खरबरीत पिल्लं पानोपानी फिरायला लागली, आणि राहिलेल्या ढेकणांचा त्यांनी जो फडशा पाडला तो बघायला मी रोज खुर्ची टाकून बसत होतो. लय समाधान वाटलं बघ.

पहिली कळी धरली त्या संध्याकाळी मला राहवलं नाही, आणि मी तुझ्या सासूबाईंना साखरेचं सगळं कबूल केलं. वाटलं होतं, आता आयुष्यभराचा वचपा काढतील. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘भक्तीला ठाऊक होतं. महालक्ष्म्या झाल्यापासून तुम्ही फिरायला गेलात की ती झाडू घ्यायची आणि तुमची साखर भिंतीपल्याड लोटायची. मी विचारलं तर म्हणाली, मामांना सांगू नका, त्यांना वाईट वाटंल.’ मी त्या रात्री जेवलो नाही. चार महिने तू हे केलंस. म्हणजे थंडीत झाड सुधारलं ते तुझ्या झाडूनं, आणि तू गेल्यावर बिघडलं ते माझ्या मुठीनं. आणि त्या जेवणाच्या दिवशी, अकरा माणसं हसत असताना, तू फक्त एवढं म्हणाली असतीस की मामा, साखर तर तुम्हीच घालता, तरी पुरे होतं. माझी मान तिथेच खाली गेली असती. तू पोळी वाढलीस.

म्हणून काल पहिलं फूल उमललं तेव्हा मी त्याच माणसांना चहाला बोलवलं. दोन परगावी होते, बाकी नऊ आले. झाडासमोर उभं केलं आणि ज्या आवाजात तुला बोललो होतो त्याच आवाजात सांगितलं की ही कीड मी पोसली, माझी सून खरं बोलत होती, आणि मी तिला तुमच्यासमोर टाकून बोललो ते माझं चुकलं. कुणी हसलं नाही. रुख्मिणीनं मात्र विचारलंच, ‘पण भाऊजी, तुमी साखर घालतच का होतात?’ सिताराम गुरुजींना चहाचा ठसका लागला, कारण त्यांना उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, ते आधी भक्तीला सांगीन.

तेच सांगायला हे पत्र. दुसऱ्यांदा तू दोन मार्कांनी राहिलीस, तेव्हा तीन दिवस पुस्तकं दोरीनं बांधून कोपऱ्यात ठेवली होतीस. मला ते बघवलं नाही. मी, सायन्सवाला माणूस, सिताराम गुरुजींकडे गेलो, पंचांग बघायला. ते म्हणाले, जिचं काम व्हायचं तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं झाड असेल, त्याच्या बुडाशी मुंग्यांना कणीक-साखर घाला. तुझ्या हातचं झाड एकच होतं. ज्यानं तुला दोनदा नापास म्हटलं, तोच मी त्या दिवशी पहाटेही तुझ्या नावानं साखर घालून आलो होतो. पास झाल्यावरही थांबलो नाही, तुझी नोकरी कायम होईपर्यंत घालावी असं वाटलं. काल जाताना गुरुजी कानाशी लागले, ‘ते झाडाचं राहू द्या व्यंकटराव, पोरगी पास झाली का न्हाई?’ मी म्हणालो, ती तिच्या अभ्यासानं झाली, आणि ते तुम्हालाही माहीत आहे. पोरी, माझं चुकलं. चारचौघात म्हणालो, आता तुला एकटीला म्हणतो. महालक्ष्म्यांना अजून वीस दिवस आहेत. झाडावर एकवीस कळ्या आहेत, कस्तुराबाई म्हणतात यंदा हाराला विकतचं फूल आणायचं नाही. पण त्या हाराची फुलं तोडायला मी कुणाला हात लावू देणार नाही, त्यांनाही नाही. तुझ्या आईचं झाड आहे, त्याची फुलं तूच तोडायची. रजा मिळत नसेल तर साहेबांचा नंबर पाठव, मी बोलतो. मिळत असेल तर ये.

तुझाच,
मामा