व्याख्यानमालेला वक्ता हवा

६ जानेवारी
पारोळ्याच्या वाचनालयाची मीटिंग. अध्यक्ष सुकदेव नाना म्हणाले, अक्का, ९ फेब्रुवारीला एक वक्ता आणि पन्नास श्रोते दाखवा, नाही तर व्याख्यानमाला बंद. हॉल झुंबा क्लासला देतो, बायांचं अंग तरी हलेल. माझे मालक, नवल आबा, यांनी व्याख्यानमाला बावीस वर्षं चालवली. ते जाऊन तीन वर्षं झाली. वक्ते आणणं काही अवघड नाही. संकल्प: तीन वक्ते. तिन्ही मोठे.

११ जानेवारी
धुळ्याला जाऊन आले. कॉलेजातले प्रा. हितेंद्र, विषय इतिहास. पेपर तपासत होते. "देखू ना, अक्का," म्हणाले. चहा पाजला, म्हणजे होकारच. त्या दिवशी मी बाहेरगावी असेन, असंही म्हणाले. बरोबरच आहे. धुळ्याहून पारोळा बाहेरगावच.

१८ जानेवारी
साक्रीच्या तोताराम गुरुजींना फोन. लोकगीतांचे जाणकार. म्हणाले, "मना गुडघा दुखस, दोन बस बदलानं जमत नही." मी म्हटलं, बसायला खुर्ची देऊ. म्हणाले, "खुर्ची साक्रीतबी शे!" स्वभाव विनोदी. व्याख्यान रंगणार.
तिसरा वक्ता नकोच. लोकांचे पाय अवघडतात.

२५ जानेवारी
व्याख्यानमालेची सतरंजी झटकली. घडी घालायला गेले की ती आबांनी पाडलेल्या जुन्या घडीवरच दुमडते. वेगळी घालून पाहिली. ऐकत नाही. थोडा वेळ तिच्यावरच बसले. आज वाचन झालं नाही. धूळ फार होती, डोळ्यांत गेली.

३० जानेवारी
भटूच्या प्रेसमध्ये पत्रिका. आबांचा एकही धड फोटो नाही, प्रत्येकात ते वक्त्याला हार घालताना पाठमोरे. भटू म्हणाला, निमंत्रक तुम्ही, तुमचाच फोटो टाकू. मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं. वक्त्यांची नावं तूर्त गाळली, त्यांनी अजून लेखी कळवलेलं नाही. वक्ताच नाही तर व्याख्यान कशाला छापायचं, असं म्हणून भटूनं तोही शब्द काढला. पारोळ्यात सगळ्यांना माहीतच आहे.
मी लिहून दिलं होतं: बेबाबाई कै. नवल पाटील. भटू म्हणाला, अक्का, 'कै.' कायम सुरुवातीला येतं. त्याचा सगळा धंदा तेराव्याच्या, गंधमुक्तीच्या पत्रिकांचा. छपाईतलं त्याला जास्त कळणार. फोटोला झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना समया. प्रसन्न दिसते आहे.

२ फेब्रुवारी
पत्रिका व्हॉट्सअॅपवर सोडली. प्रतिसाद प्रचंड. शंभरावर लोकांनी हात जोडले. पाचोऱ्याच्या नणंदेचा, शेवंताबाईचा फोन आला. मी हॅलो म्हणताच किंचाळून ठेवला. रेंज नसावी.

९ फेब्रुवारी, दुपार
ऐतिहासिक गर्दी. पाचोऱ्याच्या टेम्पोतून बाया रडतच उतरल्या. पुरुषांच्या हातात टॉवेल-टोप्या. सगळे लोक दारावर आलेले, म्हणजे दुखवट्याला. दारात मी, गुलाबपाणी घेऊन. कुणीतरी ओरडलं, "अक्का जित्ती शे रे भो!" शेवंताबाई चिडली: "मंग आम्ही रडनूत ते फुकटच का?"
तोताराम गुरुजी आले होते, गुडघ्यासकट. म्हणाले, "दोन बस बदलीसन उनू, आते बोलीसनच जासू." बोलले. मयताची दोन गाणी म्हटली. आवाज अजून खणखणीत.
हितेंद्र सर मागच्या मागे निघाले होते, त्यांना धरलं. खिशात दोन पानं होती. श्रद्धांजली. म्हटलं, लिहून आणलंय तर वाचा. "अक्का वाचनवेड्या होत्या," म्हणाले, माझ्याकडे पाहिलं, "आहेत." सगळी क्रियापदं अशीच दुरुस्त करत गेले. एक वाक्य होतं: "न समजलेला शब्द त्या आबांना विचारत, आबा गेल्यावर त्या शब्दाखाली नुसती रेघ मारतात." हे मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. त्यांना एकदा पुस्तक दिलं होतं, त्यात आबांनी लिहिलेले अर्थ आणि पुढच्या नुसत्या रेघा दिसल्या असणार. तेवढ्यापुरता पदर तोंडाला लावला. उकाडा होता.
उपस्थिती एकशे चाळीस. वक्ते दोन. सुकदेव नाना म्हणाले, अक्का, हे श्रोते नाहीत, सुतकी आहेत. मत्सर. दुसरं काय.

१० फेब्रुवारी
हॉल झुंबाला गेला. किल्ली देऊन आले. तात्पुरतं आहे.
पुढच्या वर्षाची तयारी आजच सुरू केलेली बरी, म्हणून हितेंद्र सरांना फोन केला. याल का? हळूच म्हणाले, "व्याख्यानाचं नका विचारू. पण अक्का, तुमच्या खऱ्या वेळेला मी कुठंही असलो तरी येईन. ती दोन पानं जपून ठेवली आहेत."
वक्ता पक्का. भाषण तयार. तारीख तेवढी माझ्याकडून कळवायची राहिली आहे.