नदी न ओलांडण्याचं पथ्य

संगमनेर, डिसेंबर १९७१, मंगळवार संध्याकाळ

आईच्या घशाच्या कॅन्सरवर पुण्यात किरणांचे शेक चालू आहेत, आणि आज ती एसटीत चढलीच नाही! मामांनी वैदूचा काढा आणला, वर पथ्य सांगितलं, "नदी वलांडली की औषध लागू पडत न्हाई." काढ्याला माझी ना कुठं होती? पण नदी? प्रवरा ओलांडल्याशिवाय पुणं येतं का?

"मामा, तुमचा वैदू पलीकडनंच आला ना?" मामा काढ्याच्या बाटलीचं बूच घट्ट करत बसले.

आई म्हणाली, "त्या काढ्यानं घास उतरतो गं. डागदरानं इचारलं का कदी, जेवली का म्हनून?"

हे खरंच आहे. तरी राग जात नाही. उद्या तिला नेणारच. पिशवीत काढ्याची बाटलीही भरलीय, डॉक्टरांपुढंच ठेवीन. ओलांडू दे त्या काढ्यालाही नदी!