दगडोबा कुणाचा

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

आणला! शेवटी आणलाच. सेहेचाळीस किलो वजन, सहा वर्षं वय, काळाकुट्ट, एका कानावर पांढरा ठिपका. लोक कुत्र्याचं पिल्लू आणतात, बकुळाबाईंनी घोडा आणला.

बनारसला येऊन मला बारा दिवस झाले. जुन्या पोथ्यांची यादी करायचं दोन वर्षांचं काम आहे, दुपारी दोन ते रात्री आठ. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत वरचा मजला भाड्याने मिळाला, तोही मराठी माणसाकडे. घरमालक यज्ञेश आणि त्याची बायको मधुरा सध्या पुण्याला गेलेत. कुत्रा पाळू का, असं फोनवर विचारलं तर म्हणाला, पाळा की ताई, काही दिक्कत नाही.

शेल्टरमधल्या सुशांतने आधीच सावध केलं होतं. आठ महिने झाले, याला कुणी नेत नाही. मोठा, वयस्क, आणि वर एक शब्द ऐकत नाही. हिंदीत बस म्हणा नाहीतर भोजपुरीत, हा आपला ढिम्म. मी सहज म्हटलं, काय रे दगडोबा, खाली बस की. बसला! आणि हनुवटी माझ्या चपलेवर ठेवली. मग काय, केली सही.

मैदागिनच्या चौकापासून चालत आलो. खरं तर मी त्याला आणलंच नाही, त्याने मला आणलं. एका वळणावर मी चुकत होते तर ओढून बरोबर गल्लीत घेतलं आणि थेट आमच्या दाराशी येऊन थांबला. माझ्याच वासावर आला असणार. हुशार आहे गधडा.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. एकवीस मोदक केले, पैकी दगडोबाने एकाला नाक लावलं आणि तोंड फिरवलं. माझ्या मोदकांचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता!

चार दिवसांत माझ्या हातचं काहीच खाल्लेलं नाही. मात्र दुपारी बाराच्या ठोक्याला उठतो आणि गच्चीवर जातो. आज मागोमाग गेले. टाकीजवळ उभा राहून शेपूट अशी हलवत होता की अख्खं अंग हलत होतं. समोर कुणी नाही. एरवी टाकीवर माकडांची टोळी बसलेली असते, आज एकही नव्हतं. पाव तासाने खाली आला तेव्हा नाकाला भाताची शितं आणि काळे तीळ लागलेले.

माझ्या घरात काळे तीळ नाहीत. शेजारच्या गच्चीवर कुणी टाकले असतील, दुसरं काय.

३१ ऑगस्ट, रविवार

डॉक्टरकडे वजन केलं. एक्केचाळीस. आठवड्यात पाच किलो! रोग काही सापडत नाही म्हणे.

संध्याकाळी घरमालक आले. यज्ञेशने दारात बॅगा ठेवल्या, दगडोबाला पाहिलं आणि मटकन पायरीवरच बसला. दगडोबाने त्याला एकदा हुंगलं आणि पाठ फिरवली. मधुरा तर आत पळाली. तासाभराने यज्ञेश वर आला आणि कुत्रा परत करा म्हणाला. आधी गोडीने, मग आवाज चढवून. मी सांगलीची आहे. मला कर म्हणा, विचार करीन. करच म्हणालात तर मग बघा. फोनवर दिक्कत नव्हती, आता कुठून आली, असं विचारलं तर दणादण जिना उतरून गेला.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज मधुरा एकटीच वर आली आणि रडत रडत सगळं सांगितलं.

हा त्यांचाच कुत्रा. म्हणजे यज्ञेशच्या काकांचा, शिवरामकाकांचा. एकटा माणूस, बायको नाही, पोर नाही. रोज बाराला गच्चीवर काठी आपटून माकडं हाकलायची आणि याला दहीभात भरवायचा, हाच काय तो संसार. गेल्या पितृपक्षात अष्टमीला काका गेले. दहाव्याला संकठा घाटावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. दोन तास झाले, ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी यज्ञेश हात जोडून मोठ्याने म्हणाला, काका, तुमच्या कुत्र्याला आम्ही सांभाळू. तसा कावळा झडप घालून आला.

आणि तीन महिन्यांत यांनी कुत्रा शेल्टरला टाकला. केस गळतात म्हणून!

मी मधुराला जे काय बोलले ते इथे लिहीत नाही. बिचारी ऐकून घेत होती. तिला म्हटलं, मेलेल्याची भीती मला नाही वाटत, शब्द मोडणाऱ्या जिवंतांची किळस येते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज बाराच्या आधी गच्चीच्या दाराला माझं कुलूप घातलं आणि दाराला पाठ लावून बसले. दगडोबाला मांडीवर घेतलं. मावतोय थोडाच, पण घेतलं.

बारा वाजले. तो कुंई कुंई करायला लागला, दार खरवडायला लागला. मी मिठी सोडली नाही. मग दारापलीकडे काठीचा आवाज आला. ठक. ठक. ठक. माकडं हाकलतात तसा. पाव तास. मग थांबला.

खाली बघितलं. दगडोबा माझ्याच मांडीवर होता, क्षणभरसुद्धा मिठीतून सुटला नव्हता. नाकाला शितं आणि तीळ.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पण त्यापेक्षा राग जास्त आला. दारावर थाप मारून म्हटलं, काका, तुमचा राग खरा. पण तो त्यांच्यावर काढा ना. या मुक्या जिवाला उपाशी का मारताय?

८ सप्टेंबर, सोमवार

अडतीस किलो. बरगड्या मोजता येतात.

सुशांतला फोन केला. तिथेही बाराला भिंतीकडे तोंड करून शेपूट हलवायचा म्हणाला. आला तेव्हा पंचावन्न किलो होता. म्हणजे कुठेही नेला तरी काका येणार. इथे त्यांचंच घर, म्हणून भराभर ओढतायत.

यज्ञेश म्हणतो, जाऊ दे ताई, जाईल काकांकडे, दोघं सुटतील. मी म्हटलं, तू सुटशील! याला जगायचंय. रात्री मी कामावरून आले की जिन्यात उडी मारून छातीवर पाय ठेवतो, तो काय मरायला निघालेला जीव आहे?

नाही देणार. बघू कोण नेतं.

१४ सप्टेंबर, रविवार

अष्टमी. काकांचं वर्षश्राद्ध. गंगा चढलेली, घाट पाण्याखाली, म्हणून सगळं घरीच. गच्चीवर पान ठेवलं. कावळा टाकीवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. यज्ञेशने हात जोडले, चुकलो म्हणाला, पुन्हा सांभाळू म्हणाला. कावळा हलेना. आमचाही विश्वास बसत नव्हता, त्या कावळ्याचा कसा बसावा?

साडेबारा. एक. दगडोबाला उभंसुद्धा राहता येत नव्हतं. माझं डोकं फिरलं. त्याचा पट्टा हाताला गुंडाळून पुढे गेले आणि पानासमोर ओरडून म्हटलं, यांनी शब्द मोडला, मी मोडणार नाही. मी जिवंत असेपर्यंत हा माझा. तोवर याला हात लावायचा नाही!

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळ्याने भातात चोच घातली.

१५ सप्टेंबर, सोमवार

खाल्लं! चार पोळ्या, दूध, आणि माझ्या ताटातलं वरण. बाराला शांत झोपून होता, घोरत होता. मी मात्र ढसाढसा रडले.

मधुरा जिलबी घेऊन आली. पण तिचं तोंड उतरलेलं. म्हणाली, बकुळाताई, नुसतं सांभाळते म्हणायचं होतं. पितरांना मुदत घालून द्यायची नसते.

हात्तिच्या, म्हटलं. पन्नाशीची आहे मी, बीपीसुद्धा नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

दगडोबा बेचाळीस किलो. छान.

सकाळपासून पोटात काही जात नाही. चहा ओकला. दुपारी सव्वाबाराला दातांत काही अडकलं म्हणून आरशात पाहिलं.

काळा तीळ.

१८ सप्टेंबर, गुरुवार

हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते. तोंडाला सारखी दहीभाताची चव. मी केलेला नाही. मी खाल्लेला नाही.

यज्ञेश म्हणतो, आजच्या आज काशी सोडा, कुत्रा इथे ठेवून जा. म्हणजे मीही यांच्यासारखीच होऊ? शब्द मी दिलाय. मी.

काका, ऐकताय ना? मुदत संपवायला निघालात होय? मी नाही मरत. तुमच्या कुत्र्यासाठी तर मुळीच नाही मर

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बाराला दहा कमी. पट्टा डाव्या हाताला. तीन वेढे. उजव्याने लिहितेय.

कुलूप आहे. काठी वाजतेय. आज दाराच्या अलीकडे.

दगडोबा उठला —

शेपूट हलत नाहीये. तीन आठवडे बाराला हलायची. आज नाही. माझ्यापुढे येऊन उभा राहिलाय, आडवा. अंगावरचे सगळे केस ताठ. गुरगुरतोय — काकांवर! आपल्या काकांवर गुरगुरतोय — माझ्यासाठी —

शाब्बास रे माझ्या

बघा काका, बघा, कुणाचा आहे ते त्यालाच विचारा. पट्टा ताणलाय, पण तो ओढत नाहीये, तो माझ्या पायाला टेकलाय, मग ओढतंय को —

सोडणार नाही. ओढा. मी सोड