गोदीच्या गाडीचा दिवा

३ ऑगस्ट, जव्हार

पोहोचलो, जेवलो, आणि खिडकीतून धुकं आत येतंय ते बघत लिहायला बसलोय. ही वही हर्षालीने दिली. रोज काय केलंस ते लिहून ठेव, बाळ झालं की मी पडल्या पडल्या ऐकणार, असं तिचं फर्मान आहे. तिला आठवा लागला म्हणून ती माहेरी पोशेऱ्याला गेली. मी भिवंडीची मोबाईल रिपेअरिंगची टपरी मित्राच्या हवाली केली आणि तिच्या मागोमाग इकडे आलो. इथून तिच्याकडे जायचं म्हणजे एक जीप आणि वर पाड्यापर्यंतची चढण, बस्स.

काम मजेचं आहे. देवानंदभाऊ हुबेहूब छोट्या गाड्या बनवतात. एसटी, अग्निशमनचा बंब, पोलिसांची जीप, सगळं वीतभर लांबीचं. सध्या एका संस्थेने कार्यक्रमात भेट द्यायला बारा अ‍ॅम्ब्युलन्स मागितल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या टपावरचा दिवा खरोखर लुकलुकला पाहिजे. भाऊंचे हात हल्ली थरथरतात. एका पायाने लंगडतात. म्हणून मला बोलावलं.

घरात ते आणि त्यांची विधवा बहीण नवशीबाय, दोघंच. नवशीबाय गाड्यांवरचे पट्टे रंगवते. तिने नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं, दाट आमटीसारखं, वाढलं. दोन भाकऱ्या मागून घेतल्या. हर्षाली, हेही लिहिलं बघ.

५ ऑगस्ट

पहिल्या दोन गाड्यांचे दिवे लागले!

मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला हे अवघड नाही, पण चिकाटीचं आहे. तांदळाच्या कणीएवढा एलईडी, त्याला केसासारखी तार. तारेवरचं लाखेचं कवच आधी सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने जाळायचं, मगच सांधा धरतो. तार टपाच्या आतून खांबाला चिकटवत खाली न्यायची, सीटखाली लुकलुकवणारी चिप आणि घड्याळातला असतो तसला बटणसेल. चिपला जोडलेला कपॅसिटर मोठा घातला की दिवा संथ, लहान घातला की घाईघाईत. तेवढंच तिला कळतं. चालू, बंद. चालू, बंद.

भाऊ आतलंही सगळं करतात. स्ट्रेचर, त्याचा पट्टा, सलाईनची बाटली, तिच्यातून निघणारी दोऱ्याची नळी. मी म्हटलं, हे कुणाला दिसणार? तर म्हणाले, आतल्या माणसाला दिसतं.

संध्याकाळी हर्षालीला फोन. बाळ लाथा मारतंय. तिच्या आईने, रामीमावशीने, जावई बारीक झाला का म्हणून विचारलं.

८ ऑगस्ट

सात झाल्या. आज भाऊंनी कपाटातून आणखी एक गाडी काढली, बारांमधली नाही. जुनी, डाव्या अंगाला चेपलेली. चेपही त्यांनीच हातोडीने पाडला असावा, इतका तो खरा वाटतो. टपावरच्या दिव्याचा सांधा जूनपासून सैल झालाय, सुटायच्या आत पक्का करून दे म्हणाले. हा दिवा कायम जळता राहिला पाहिजे, म्हणून आधी नवा लावायचा, मगच जुना काढायचा, आणि सेल उतरायच्या आत बदलायचा.

नवशीबाय रंगाची वाटी तशीच टाकून बाहेर गेली.

नवा एलईडी, नवी तार, नवी चिप घातली. लागला. पण हा चालू-बंद चालत नाही. तीनदा लुकलुकतो, मग थांबतो. बराच वेळ थांबतो. पुन्हा तीनदा. या चिपला असं जमतच नाही. कपॅसिटर बदलला, चिप बदलली. तीनदा, मग अंधार.

भाऊंना सांगितलं. त्यांनी गाडी उचलून देव्हाऱ्याशेजारी नेऊन ठेवली.

१० ऑगस्ट

सेल तपासायला म्हणून आज ती गाडी उचलली. सीट काढली, सेल काढून टेबलावर ठेवला. दिवा चालूच.

मी तार चाचपली. गाडी बाहेरून गार, आतून उबदार. खिडक्यांच्या प्लॅस्टिकवर आतून वाफ धरली होती. भिंगाखाली धरली तर त्या वाफेत मागच्या दाराजवळ एक पुसट ठसा दिसला. तळहाताचा. मुंगीपेक्षा लहान, पण पाचही बोटं मोजता आली.

माझ्या डोळ्यांसमोर दुसरा ठसा उमटला. पहिल्याच्या शेजारी.

गाडी हातातून सुटता सुटता वाचली. सेल परत घातला आणि बाहेर येऊन ओट्यावर बसलो. भरदुपार आहे, शाळेतली पोरं धुक्यातून घरी चालली आहेत, त्यांचा गलका ऐकू येतोय. तरी आत जाववेना.

१२ ऑगस्ट

नवशीबायला खोदून विचारलं. मग एका दमात बोलली.

भाऊ अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचे. तीन वर्षांपूर्वी अशाच धुक्यात, पोशेऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून गोदी नावाची अडलेली बाई घेऊन जव्हारला निघाले. सोबत कोणी नव्हतं, नवरा मागून चालत येणार होता. मोखाड्याच्या रस्त्यावरच्या एका वळणावर गाडी खाली गेली. भाऊंचा पाय मोडला, पण काचेतून बाहेर पडता आलं. गोदी मागे अडकली होती. भाऊ तिला म्हणाले, टपावरचा दिवा लावून जातो, कोणीतरी बघेल, तू धीर धर.

तो दिवा महिनाभर बंद होता. भाऊंना माहीत होतं. त्यांनीच दुरुस्तीला टाकला नव्हता.

ते खुरडत वर आले. लोकांनी उचललं, विचारलं, गाडीत कोणी आहे का. भाऊ नाही म्हणाले. दिव्याचं विचारतील, नोकरी जाईल, या भीतीने नाही म्हणाले. खरं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, तोवर गोदी गेली होती.

"शेतावरच्या माणसांनी ऐकलेलं रे," नवशीबाय म्हणाली. "पत्र्यावर ठोकत होती. तीन ठोके, मग थांबायची. लोकांना वाटलं, कुठं लाकडं फोडतात."

मी आत गेलो. दिवा लुकलुकत होता. तीन ठोके. मला ते बघवेना. कटर घेतला आणि टपाखालची तार कापून टाकली. दिवा विझला.

हर्षाली, हे तुला वाचून दाखवायचं की नाही, माहीत नाही.

१३ ऑगस्ट

सकाळी बाराही गाड्या एका तालात लुकलुकत होत्या. तीनदा, मग अंधार. कुणाच्याही सेलला हात लावला नव्हता. एकेकीचा सेल काढला. थांबल्या नाहीत. दुपारी आपोआप विझल्या, सगळ्या एकदम.

चार वाजता हर्षालीचा फोन आला. खुशीत होती. म्हणाली, "तू एवढी काळजी करतोस होय? खाली फाट्यावर गाडी उभी करून ठेवलीस ते?"

मी विचारलं, कसली गाडी.

धुक्यात नीट दिसत नाही, पण टपावर दिवा लुकलुकतोय, दुपारपासून उभी आहे, असं म्हणाली.

मी ओरडलो. ती घाबरली. मग रेंज गेली, आणि शेवटची जीपही सुटून गेलेली.

१४ ऑगस्ट

भाऊ दोन दिवस संस्थेच्या कामाला गेले होते, आज परतल्यावर त्यांना कापलेली तार दाखवली. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो.

अपघातानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात गोदी त्यांच्या दारावर ठोकायची. तीन ठोके. मग त्यांनी तिची गाडी बनवली, तिच्यात दिवा लावला. दिवा दिसला की ती थांबते. विझला की शोधायला निघते. "ज्याच्या हातून विझला, त्याच्या घरी जाते. मागच्या साली माझ्या हातून सांधा सुटला. तेव्हा माझी सून, पोटुशी होती..." कॅलेंडरमागचा सुनेचा हार घातलेला फोटो मला आजच दिसला.

आधी का नाही सांगितलंत म्हणून मी त्यांची गळपट्टी धरली. म्हाताऱ्या माणसाची. नवशीबायने सोडवलं.

धुक्यात पोशेऱ्याकडे एकही जीप निघत नाही, म्हणून दिवसभर तार जोडतोय. सांधा धरतो, दिवा लागत नाही. नवा एलईडी बाहेर लागतो, टपात बसवला की मेला. नऊ एलईडी गेले. बोटं भाजली आहेत. बाई गं, लागू दे. एकदा लागू दे.

हर्षालीला फोन लागत नाही. तिच्या शेजारच्या मंगळूचा लागला. तो म्हणाला, गाडी आज फाट्यावर नाही, अर्ध्या चढणीवर आहे. तिथपर्यंत गाडीरस्ताच नाही.

१५ ऑगस्ट

सकाळी झेंडावंदनाची गाणी, आणि जीप एकही नाही. दहा वाजता रेंज आली. हर्षालीच बोलली. कळा सुरू झाल्यासारखं वाटतंय. खरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे, पण खाली दरड आली, वेळ लागेल म्हणतात. आणि ती दुसरी गाडी आता अंगणाच्या कुंपणापाशी आहे.

"आत एक बाई बसलीय," हर्षाली म्हणाली. "भिजलीय बिचारी. हात करते."

मी म्हटलं, बसू नकोस. काही झालं तरी बसू नकोस. आईला फोन दे.

"धर्मा, खूप दुखतंय रे."

फोन कट.

भाऊंना हाताला धरून निघालो. ते नको म्हणाले नाहीत. एका टेम्पोवाल्याने घेतलं.

१५ ऑगस्ट, दुपार. पोशेरा

दरडीपाशी टेम्पो थांबला. तिथून पळत आलो. भाऊ मागे लंगडत.

घर उघडं. रामीमावशी उंबऱ्यात. मला बघून तिचा चेहरा फुलला आणि मग पडला.

"तूच धाडलीस ना गाडी? पोरगी तर गेली तिच्यात. त्या बाईनं हात दिला, म्हणाली, ये बाय, मी पण तशीच. मी चढाय गेले तर दार लागलं." थांबून म्हणाली, "चाकांचा आवाज नाय आला रे गाडीच्या."

चिखलात चाकाची खूण नाही. हर्षालीच्या चपला कुंपणापाशी. नीट जोडून ठेवलेल्या.

भाऊ म्हणाले, मला माहीत आहे कुठे ते. ते वळण.

१५ ऑगस्ट. वळणावर

चार वाजले असतील. घड्याळ बंद. धुक्यात समोरचा कठडा दिसत नाही.

खालून ठोके येतात. तीन. मग थांबतं. मी हाक मारली, हर्षाली. ठोके लगेच आले. उत्तर दिल्यासारखे. जिवंत आहे. ती जिवंत आहे.

भाऊ म्हणाले तू वर थांब, गाडी अडव, माणसं आण. या वेळी मी सांगतो आत कोण आहे ते. आणि उतरले. मोडक्या पायाने. झुडपं हलल्याचं ऐकू आलं. मग त्यांचा आवाज: "गोदी, मी आलो गं." मग

त्यानंतर काही नाही. अर्धा तास झाला असेल.

लिहितोय, कारण हात रिकामे ठेवले तर उडी मारीन. एक माणूस येऊ दे. एक मोटारसायकल. रस्त्यावर कोणी नाही. फोनला रेंज नाही. ओरडून घसा बसला.

ठोके बदललेत. आता दोन जणी ठोकतात. एकीचे तीन, की दुसरीचे तीन. मध्ये थांबणं नाही.

पुन्हा हाक मारली. भाऊ ओ देत नाहीत.

बाळ

बाळ रडतंय. खाली. नुकतं जन्मलेलं रडतं तसं. देवा, झालं. माझं झालं —

थांबायला सांगितलं होतं. कसा थांबू.

ही वही कठड्यावर दगडाखाली ठेवतो. जो कोणी वाचेल त्याने खाली बघावं. गाडीत माणसं आहेत. नाही म्हणू नका. गाडीत माणसं आहेत, हर्षाली आहे, बाळ आहे, कोणी विचारलं तर आहेत म्हणून सांगा —

ठोके थांबले. रडणंही.

हर्षालीचा आवाज. माझं नाव घेते. अगदी जवळून, कठड्याच्या पलीकडून. म्हणते, हात दे. खालून कसा इतक्या जवळ — हात दिसतोय, ओला, कठड्यावर — तिच्या हातात बांगड्या होत्या, या हातात एकही — नाही, तीच आहे, तीच असेल, मी हात दे