घरी या, ओव्हर

३ तारीख
लेकाच्या नव्या घरी आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईस्तोवर मुक्काम इथंच. माणसं सावल्यांसारखी दिसतात, त्यामुळे सगळीच सुंदर. घर उजेडाचं, सून हसतमुख, लेक रेडिओवेडा. कामावरून आला की कानाला हेडफोन लावून जगाशी गप्पा, आईशी मात्र नुसतं 'हं'. कोण बोललं ते वहीत टिपतो. म्हटलं, मग माझीही वही हवी. अक्षराशी माझं जन्माचं वाकडं, म्हणून मी सांगते, सून लिहिते. बांगड्या किणकिणतात, म्हणजे झोपलेली नाही.

७ तारीख
लेकाला आपल्या रेडिओचा आवाज आणखी लांब पोचवायचाय. गच्चीवरचा अँटेनाचा पाईप दहा फुटांनी वाढवून तार ताणली. आधी त्याचा आवाज नदीपलीकडे जाताना धापा टाकायचा, आता समुद्रापलीकडचा म्हातारा खोकला तरी ऐकू येतो. मला बजावलंय, परवाना त्याचा, माइकला हात लावायचा नाही. आजवर मी कुणाचं ऐकलंय?

११ तारीख
लेक कामावर, सून बाजारात. दाबलं बटण. खरखरीतून एक बाई बोलली, आपल्याच भाषेत. फार लांब असते म्हणे, फार दिवसांनी कुणी बोललं. मीही मोकळी झाले. सुनेला वही लिहायला सवड नसते, अशी कुरकुरही केली. (हेही तीच लिहितेय, गाल फुगवून.) शेवटी रीत म्हणून म्हटलं, "या एकदा घरी. ओव्हर."
ती म्हणाली, "येते."

१४ तारीख
पाईप आणखी चढला. गुपचूप पुन्हा लावलं. आवाज स्वच्छ. निघालेय म्हणाली, तारेच्या वाटेनं. पत्ता मी दिला नव्हता. तिनंच सांगितला – जिना, पायपुसणं, माझी खाट.

१६ तारीख
लेकाला कबूल केलं. रागावला नाही, तेच वाईट. पाईप उतरवला, वायर उपटली. दुपारी त्या मेल्या रेडिओतूनच तिनं विचारलं, "तुमची सून कोणत्या हातानं लिहिते?"
सुनेला जवळ बसवून ठेवलंय –

१७ तारीख
सकाळी उठले तर सून वही घेऊन तयार. सांगायला लागले, तोच फोन. लेकाचा. मी झोपेत असताना सून जिन्यावरून पडली, दोघं दवाखान्यात, तिचा उजवा हात मोड –

मग खाटेशी ही –

बांगड्या नाहीत.

थांब म्हटलं. थांबत नाही. आता मी तोंड घट्ट मिटलंय, तरी पेन