बिनकामाचा कोंबडा

३ फेब्रुवारी, सकाळ

कोंबडा नेमकं काय काम करतो? चहा पिताना हा प्रश्न पडला. अंडी देत नाही. उबवत नाही. मांजर आलं की सगळ्यात आधी भिंतीवर तोच. ओरडतो तेवढा, पण त्यासाठी मोबाईलमध्ये अलार्म आहे. चहा गार होईपर्यंत विचार केला. प्रामाणिकपणे कबूल करते, उत्तर सापडलं नाही.

आई काल मोठ्या ताईच्या बाळंतपणाला गेली. आता दोन महिने मागच्या अंगणातल्या सात कोंबड्या आणि हा एक प्राणी माझ्या ताब्यात. "तू शिकलेली, तुला मी काय सांगणार," म्हणाली आणि रिक्षात बसली. मग परत डोकं बाहेर काढून म्हणाली, "टिपकीकडे बघ गं. बाकीच्यांचं मागेपुढे झालं तरी चालेल."

टिपकी म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची. आई भाजी निवडते तेव्हा तिच्या पायाशी बसून पानं खाते. असा पक्षपात मी करणार नाही. माझ्या राज्यात सातही जणी समान.

संकल्प : रोज सहाला उठून खुराडं स्वतः झाडायचं. कुठलंही काम हलकं नसतं.

४ फेब्रुवारी

सव्वाआठला उठले. खुराडं धाकटीनं झाडलं होतं. तिला औषधांच्या दुकानात दहाला जायचं असतं, त्यामुळे तिला सकाळचा वेळ असतो. मला नियोजन असतं.

पाहणीसाठी आत गेले तर कोंबड्यानं माझ्या डाव्या नडगीला चोच मारली. रक्त आलं. धाकटीनं औषध लावलं आणि लावताना हसली. या घटनेचा माझ्या पुढच्या निर्णयांशी काहीही संबंध असणार नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

५ फेब्रुवारी

निर्णय झाला. कोंबडा काढून टाकायचा.

कारणं तात्त्विक आहेत. सात जणी राबतात आणि एक जण तुरा वर करून फिरतो. दाणे टाकले की पहिला मान त्याचा. ग्रॅज्युएट होऊन मी हे आपल्याच अंगणात चालू द्यायचं, तर तीन वर्षं शिकले कशाला?

गल्लीच्या टोकाला शिंपीकाका राहतात. काकूंच्याही कोंबड्या आहेत. त्यांना नेऊन दिला. काकू म्हणाल्या, "अगं, हा दिलास तर तुमच्याकडे दुसरा आहे का?" मी म्हटलं, आम्हाला गरजच नाही. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका सुईत दोरा ओवायला लागले. तो आधीपासून ओवलेला होता. "बरं," काकू म्हणाल्या, "लागला तर ये."

कशाला लागेल?

९ फेब्रुवारी

सिद्ध झालं! कोंबडा जाऊन चार दिवस झाले आणि अंडी पूर्वीइतकीच. बाबांना जेवताना सांगितलं. बाबा बस चालवतात, बोलायला लागले की समोरून काहीतरी येत असल्यासारखे थांबतात. म्हणाले, "हो, अंडी काय... अंडी होतातच." मग आमटी वाढून घेतली. त्यांना कौतुक बोलून दाखवता येत नाही.

आईचा फोन. टिपकी कशी आहे? उत्तम. कोंबडा कसा आहे? त्याचीही तब्येत उत्तम आहे म्हटलं. खोटं नाही. रोज ऐकू येतो.

२७ फेब्रुवारी

टिपकी खुडूक झाली! अंडी घालायच्या पेटीत पंख पसरून बसली आहे, उठायचं नाव नाही. हात नेला की फुगते आणि गुरगुरते. तिला आई व्हायचं आहे. आजवर आपण या कोंबड्यांची अंडी त्यांना न विचारता पळवली. हे थांबलं पाहिजे.

गेल्या चार दिवसांची सगळी अंडी तिच्याखाली ठेवली. तीन आठवड्यांत पिल्लं. आजपासून घरात अंडी बंद. बाबांचं सकाळचं आमलेट गेलं. त्यांनी चहात पोळी बुडवून खाल्ली. मोठ्या कामासाठी त्याग करण्याची त्यांची तयारी बघून बरं वाटलं.

१ मार्च

आईला मुद्दाम सांगितलं नाही. ती येईल तेव्हा अंगणात पिल्लं पळत असतील. सरप्राइज. आयुष्यभर या बाईनं दुसऱ्यांचं केलं, तिच्यासाठी आपण काहीतरी करायला नको का? शेजारच्या मावशींना दोन पिल्लं कबूल केली. पोस्टमनलाही एक.

धाकटीनं विचारलं, "ताई, पिल्लांच्या बापाचं नाव काय लावायचं?" मी सांगितलं, आईचं नाव पुरेसं आहे. तिनं ओढणी तोंडात कोंबली आणि न्हाणीघरात गेली. आपल्या घरात अजून किती जुने विचार आहेत! तिला पुढे शिकवायला हवं होतं.

६ मार्च

बाबा संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "अगं, ते अंड्यांचं... म्हणजे कोंबडा... तसं निसर्गात..." मग खोकला आला. खूपच आला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तुला माहीतच असेल," आणि चपला घालून बाहेर निघून गेले. बसमधली धूळ. त्यांची तपासणी करून घेतली पाहिजे.

१० मार्च

बाबांनी बहुधा मावशींना पाठवलं. मावशींनी अर्धा तास वर्तुळात फिरून शेवटी सांगितलं, "बाई गं, या गोष्टी लग्न झालं की आपोआप कळतात." झालं! कुठलाही विषय काढा, लग्नापाशी येऊन थांबणार. मी म्हटलं, मावशी, मी कोंबड्यांबद्दल बोलते आहे. मावशी म्हणाल्या, "मीपण."

१२ मार्च

अंड्याला मागून टॉर्च लावला की आतलं पिल्लू दिसतं असं वाचलं. टिपकी पाणी प्यायला उठली तेवढ्यात सगळी अंडी तपासली. आत सगळं स्वच्छ, आरपार. डाग नाही. इतकी निर्मळ अंडी मी पाहिली नव्हती. खाण्यापिण्याचा परिणाम.

२० मार्च

आज तारीख. पाचला उठले (अलार्मनं नाही, शिंपीकाकूंकडच्या ओरडण्यानं). पेटीशी स्टूल टाकून बसले. दुपारपर्यंत काही नाही. पहिलटकरणीला वेळ लागतो. ताईलाही लागला होता.

२२ मार्च

एक अंडं फुटलं. आतून पिल्लू आलं नाही. जे आलं त्याच्या वासानं मावशींनी खिडक्या लावून घेतल्या. एखादं जायचंच.

२४ मार्च

टिपकीचा तुरा पांढरट पडला आहे. उचलली तर हातात नुसती पिसं आल्यासारखं वाटलं. दाणे तोंडाशी धरले, खाल्ले नाहीत. पेटीतून बाहेर ठेवली, लटपटत परत जाऊन बसली. आईचा फोन. एकोणतीसला येते आहे. टिपकी कशी आहे? मी म्हटलं, कामात आहे.

२६ मार्च

दुकानातून आल्यावर धाकटी खुराड्याकडे गेली आणि तशीच माझ्याकडे आली. हसत नव्हती. म्हणाली, "ताई, टिपकी मरेल. ती पिल्लं दिसल्याशिवाय उठणार नाही. आणि कोंबडा नसेल तर अंड्यातून पिल्लू होत नाही. आज नाही, उद्या नाही, तिनं जन्मभर बैठक मारली तरी नाही."

हे मला माहीत होतं. दहावीला होतं. फक्त त्या बाजूनं विचार केला नव्हता.

मी विचारलं, मग इतके दिवस कुणी बोललं का नाही? धाकटी म्हणाली, "मला आधी गंमत वाटली. मग बाबा म्हणाले, गप्प बस, ती शिकलेली आहे, काहीतरी नवीन निघालं असेल."

त्या रागात तिच्याशी बोलले नाही. नक्की कुणाचा राग ते ठरलेलं नाही.

२७ मार्च

सकाळपासून शिंपीकाकांकडे जायचं कारण शोधत होते. शेवटी ब्लाउजचं कापड घेऊन गेले. काकूंनी कापड बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "कोंबडा ना?" मी म्हटलं, कोंबडा उद्या नेते, आज टिपकीचं काहीतरी करा. त्यांच्या एका कोंबडीची पिल्लं कालच फुटली होती. त्यातली चार माझ्या ओढणीत घातली. "अंधार पडला की एकेक करून तिच्या पोटाखाली सरकव. अंडी काढून घे. घेईल ती. परकी नाहीत, तुमच्याच कोंबड्याची आहेत."

काकांनी मशीन जोरात चालवलं.

दिवेलागणीला धाकटीनं टॉर्च धरला, मी पिल्लं सरकवली. टिपकीनं माझा हात फोडला. मग पोटाखाली चिवचिव झाली आणि ती थांबली. मान वाकडी करून ऐकत राहिली. मग पंख थोडे सैल केले. धाकटी रडत होती. मला टॉर्चच्या उजेडाचा त्रास झाला.

२८ मार्च

टिपकी उठली. दाणे खाल्ले. पिल्लं मागून.

आईला फोन करून सांगितलं की पिल्लं आहेत. ती तिकडे ताईला ओरडून म्हणाली, "अगं ऐकलंस का, शिकल्याचा फायदा बघ!" बाबा समोरच बसले होते. त्यांना खोकला आला.

सकाळी खुराडं मी झाडलं. सात वाजता. वास असतो. धाकटी नऊपर्यंत झोपली. बाबांना आमलेट करून दिलं. थोडं जळालं, त्यांनी संपवलं.

कोंबडा नेमकं काय काम करतो, हा प्रश्न मी मागे घेतला आहे. आणि आज भरदुपारी, मावशी दारात, पोस्टमन गल्लीत, काका खिडकीत असताना, त्याला दोन्ही हातांत छातीशी धरून, पूर्ण गल्ली चालत, घरी आणून सोडला आहे. सोडताक्षणी त्यानं उजव्या नडगीला चोच मारली. औषध मी स्वतः लावलं.